पंचवीस पूर्णांक शून्य

झाकणाचे दोन स्क्रू सोडवले आणि आत मीच दिसलो. आरसा नव्हता. तिसऱ्या मजल्यावरच्या फॉल्स सीलिंगची एक फळी सरकवून, शिडीच्या वरून दुसऱ्या पायरीवर, तोंडात टॉर्च धरून मी उभा होतो आणि समोर होता हवेचा डक्ट, माणूस रांगत जाईल एवढी पत्र्याची चौकोनी पोकळी. खाली बसलेली माणसं जी हवा गरम करतात ती या वाटेनं परत मशीनकडं जाते. तिची गरमी मोजायला डक्टला भोक पाडून वीतभर सळई आत खुपसलेली असते, सळईच्या टोकाला मिरीएवढा मणी असतो आणि बाहेरच्या अंगाला काडेपेटीएवढी डबी. डबीत दोन तारा, तारांना केबल, आणि केबल थेट तळमजल्यावरच्या कॉम्प्युटरपर्यंत. अशा चौदा डब्या या इमारतीत आहेत आणि चौदाच्या चौदा बदलायला मला, चौसष्ट वर्षांच्या येडूला, तीन दिवसांसाठी बोलावलं होतं. ही नववी. सळई जागेवर होती, पण तिच्या तारा कापून मागं दुमडल्या होत्या आणि केबलच्या दोन टोकांमध्ये गव्हाच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर पिळून बसवला होता. तपकिरी, काळा, नारंगी पट्ट्यांचा. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मूठभर मिळतात तसला.

ज्याला यातलं कळत नाही त्याला एवढंच सांगतो. तो मिरीएवढा मणी गरमीप्रमाणं विजेला कमी-जास्त अडवतो आणि बरोबर पंचवीस डिग्रीला त्याचा अडथळा दहा हजार भरतो. हा गव्हाचा दाणाही दहा हजारच. फरक असा की मण्याला ऊन कळतं, थंडी कळते, दाण्याला काहीच कळत नाही. डिसेंबर असो की मे, खालच्या कॉम्प्युटरला तो एकच सांगत राहतो, पंचवीस, पंचवीस, पंचवीस. आणि तारांचा पीळ डावा होता. सगळे मिस्त्री तार उजवीकडं पिळतात. माझा बाप माळशिरसच्या माळावर मेंढरांमागं चालता चालता चातीवर लोकर कातायचा, तो डावरा होता, आणि त्याच्याकडून माझ्या बोटांत जो पीळ उतरला तो डावीकडं जातो. सोलापुरात डाव्या पिळाचा जोड दिसला की तो माझा. हे मी मोठ्या तोऱ्यात सांगत आलो. एकदा तर असंही सांगितलं होतं की माझा जोड सोडवायला पुण्याहून माणूस आणावा लागला आणि तो तीन दिवस उलटा उभा राहून पीळ सोडवत होता. आता टॉर्च दातांत गच्च धरलेली, लाळ हनुवटीवरून खाली येतेय, आणि समोर तो पीळ. माझा बाप मेंढराला ताप आहे का हे पाहायला कानाच्या टोकाला बोटांची पाठ लावायचा. बोटांचं पोट नाही, पाठ. पोट लबाड असतं म्हणायचा, ते चिलीम धरून धरून मेलेलं असतं. कानाच्या टोकावरून तो ताप सांगायचा, गाभण आहे का सांगायचा, आणि मी लोकांना सांगायचो की काल कुणाच्या रानात चरलं तेही सांगायचा. हे शेवटचं माझं. सीलिंगच्या वर कोंडलेल्या उकाड्यात माझे दोन्ही कान पेटले होते आणि डक्टचा पत्रा गरम होऊन टक टक वाजत होता, जणू आतून कुणी नखानं दार वाजवतंय.

अकरा वर्षं मी हे साफ विसरलो होतो. तेव्हाचा डिसेंबर होता, दुसऱ्या दिवशी सकाळी इमारतीचं उद्घाटन, खाली मंडपवाले खांब रोवत होते आणि मी या नवव्या सळईशी झटत होतो. तिच्या आतली तार तुटलेली निघाली. कॉम्प्युटरवर तिसऱ्या मजल्यासमोर लाल रेघा येत होत्या आणि आमच्या कंपनीचा मालक दर दहा मिनिटांनी येऊन म्हणायचा, येडबा, साहेबांसमोर लाल दिसता कामा नये. दुसरी सळई पुण्याहून येणार, म्हणजे परवा. मी चौकातल्या रेडिओवाल्याकडं गेलो. अशी युक्ती आम्ही सगळेच करतो. तपासणीपुरता दाणा घालायचा, लाल जाते, उद्या येऊन बदलायचं. लाल गेली. हिरवं आलं. पंचवीस पूर्णांक शून्य. मुख्य कचेरीनं सगळ्या मजल्यांना पंचवीसच ठरवून दिलेलं, म्हणजे हवं तेही पंचवीस आणि आहे तेही पंचवीस. कॉम्प्युटरला वाटलं, आता काही करायचं उरलं नाही. हवा गार करणाऱ्या थंड पाण्याची झडप त्या डिसेंबरच्या सकाळी पाव उघडी होती, ती पावच राहिली. नंतर आमच्या कंपनीचं इथलं काम सुटलं, दुसरी आली, तिसरी आली, सगळ्यांनी स्क्रीन पाहिली, आणि हिरव्या आकड्यामागं शिडी लावून कोण चढतो?

"मामा, जिवंत आहात का?" खालून मुकुंदरावांचा आवाज आला. मुकुंदराव या इमारतीचे देखभाल अधिकारी, चाळिशीचे, इस्त्रीचा शर्ट, कपाळाला रोज अष्टगंध, मला मामा म्हणतात ते प्रेमानं आणि थोडं टवाळीनं. "पंधरा मिनिटं झाली एका डबीला. आत कबुतरं सापडली का पुन्हा?"

कबुतरांची गोष्ट मीच त्यांना सांगितलेली. एका बँकेच्या डक्टमध्ये कबुतरीनं सळईशेजारी अंडी घातली, तिला ऊब हवी म्हणून ती सळईवर बसायची, मग मशीनला वाटायचं बँक तापली, ते बर्फासारखं गार सोडायचं, आणि एकवीस दिवस सगळे कारकून स्वेटर घालून नोटा मोजत होते. पिल्लं निघाली तेव्हा मॅनेजरनं पेढे वाटले. यातली कबुतरं खरी. बाकीचं जिभेवर आपोआप येतं, चिंच पाहिल्यावर पाणी सुटावं तसं. एका टॉवेलच्या शोरूममध्ये डक्टात पडलेला माझा पेचकस तीन महिन्यांनी विजापूर रोडच्या हॉटेलात जेवणाऱ्याच्या ताटात पडला. एका मे महिन्यात गच्चीवर मीटर ठेवलं तर आकडे वितळून खाली ओघळले आणि मी ते डबीत भरून आणले, अजून घरी आहेत. मुकुंदरावांनी ती आकड्यांची डबी पाहायला दोनदा मागितली आहे.

"येतोय की," मी म्हणालो. टॉर्च तोंडात, त्यामुळं ते हुंकारासारखं ऐकू गेलं असणार.

पण मी हललो नाही. कारण फळीच्या त्या चौकोनातून खाली पाहिलं तर बरोबर डाव्या हाताला खिडकीकडचं टेबल दिसत होतं, आणि त्या टेबलाशी सहा वर्षांपूर्वी माझी सुकन्या बसायची. विम्याचे कागद तपासायचं काम. नोकरी मीच शब्द टाकून मिळवून दिलेली. मी जिथं हवा बसवली तिथं माझी पोरगी बसणार याचा मला गर्व वाटलेला, चार लोकांत सांगितलेला. पहिल्याच एप्रिलमध्ये ती घरी येऊन म्हणाली, "अप्पा, आमच्या मजल्यावर हवा उभी राहते. चालत नाही." हवा उभी राहते, हे माझ्या बापाचं बोलणं होतं. बापाला तिनं कधी पाहिलंही नव्हतं. ते ऐकून माझ्या मानेवर काटा आला होता हे आठवतं, आणि तरी मी काय म्हणालो तेही आठवतं. मी म्हणालो, "पंचवीस हाय तितं. मी स्वतः बसवलंय. यंत्र खोटं बोलत न्हाय, बाळ, माणसाचं अंग बोलतं." ती गप्प झाली. मग ती दुसऱ्या उन्हाळ्यातही गप्प होती, ओला रुमाल मानेवर टाकून कामाला जायची, आणि एका दुपारी या टेबलाशी चक्कर येऊन खाली पडली. ऑफिसातल्या बाकीच्यांनाही गरम होत होतं, पण त्यांना पगारवाढीच्या तोंडावर गरम होत नव्हतं. तिला विचारलं गेलं, स्क्रीनवर पंचवीस असताना तुम्हालाच का होतं? त्या प्रश्नाला ती उत्तर शोधू लागली ते स्वतःच्या अंगात. थायरॉइड तपासलं, रक्त तपासलं, डोक्याचा फोटो काढला, नसांच्या डॉक्टरकडं गेली. काही निघालं नाही, म्हणून गोळ्या मिळाल्या, मन शांत राहायच्या. नोकरी सोडली. लग्न झालं जेऊरला, माणूस चांगला आहे, अजिनाथ नाव, उजनीच्या काठाला केळी आहेत त्यांच्या. पण तिथंही ती बिघडलेली म्हणूनच गेली. सासू पाव्हण्यांना सांगते, आमच्या सुनेला गरम होतं. जशी एखादीला आकडी येते, तसं.

"काका, होणार आहे का काही?"

हा आवाज मुकुंदरावांचा नव्हता. त्या खिडकीकडच्या टेबलाशी आता प्रियदर्शनी बसते. शहराच्या पूर्व भागातल्या विणकर घरातली, फोनवर आईशी तेलुगूत भांडते आणि आमच्याशी चोख मराठीत. मानेवर ओला रुमाल. मी दोन दिवसांपासून तो रुमाल पाहत होतो आणि मुद्दाम पाहत नव्हतो.

"होणार म्हंजी?"

"म्हणजे हवा येणार आहे का. नाहीतर मी सोमवारपासून नाही." तिनं टेबलावरचा एक कागद उचलून वर दाखवला. "वारंवार निराधार तक्रारी केल्याबद्दल खुलासा मागितलाय. मुकुंद सरांनी सोबत वर्षभराचं तापमान छापून जोडलंय. बघा, बारा पानं. सगळीकडं पंचवीस."

"पूर्णांक शून्य," मी वरून म्हणालो.

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

मुकुंदराव खाली हसले. "मामांना सगळं माहीत असतं. मॅडम, मी काय करू सांगा, मी माणूस आहे, मला पण इथं आल्यावर गरमच वाटतं. पण वाटण्यावर रिपोर्ट लिहिता येत नाही."

मी रेझिस्टर कापला. कात्रीचा आवाज एवढासा, पण माझ्या दातांत घुसला. खिशात टाकला. नवी सळई भोकात सरकवली, रबराचा वायसर बसवून कडेची फट बंद केली, नाहीतर सीलिंगवरची गरम हवा आत खेचली जाते आणि मणी भलतंच बोलतो, तारा जोडल्या, आणि लक्षात आलं की आताही मी डावाच पीळ दिला. मग शिडी उतरलो. गुडघे वाजले. पाचशे पायऱ्या उतरल्यासारखं वाटलं, आणि ही अतिशयोक्ती नाही. किंवा आहे, पण या वेळी मला ती करायची नव्हती.

तळमजल्यावरच्या खोलीत आम्ही तिघं स्क्रीनसमोर उभे राहिलो. प्रियदर्शनी मागून आली होती, तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी हाकललंही नाही. तिसऱ्या मजल्याचा आकडा क्षणभर रेघा झाला, मग उठला. सव्वीस. अठ्ठावीस पूर्णांक तीन. तीस. एकतीस पूर्णांक सहा, पाच, सहा, सात. तिथं थांबला, पण थांबला म्हणजे गोठला नाही. शेवटचा आकडा खालीवर होत राहिला, झोपलेल्या जनावराच्या बरगड्या हलतात तसा.

"मामा," मुकुंदराव म्हणाले, "हा सेन्सर खराब आलाय."

"न्हाय."

"अहो अकरा वर्षं तिथं पंचवीस आहे. तुम्ही हात लावला आणि सात डिग्री वाढलं? दुसरा लावा. किंवा जुनाच परत बसवा, आज मला वरती रिपोर्ट पाठवायचाय."

मी खिशातून तो दाणा काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. सांगितलं. उद्घाटन, लाल रेघा, रेडिओवाला, उद्या. सरळ सांगितलं, काही न घालता, आणि सांगताना मला जाणवलं की माझी जीभ अशा बोलण्याला सरावलेली नाही, ती दर वाक्याला कुठंतरी कबुतर बसवायला बघत होती. मुकुंदरावांनी ऐकून घेतलं आणि टाळी द्यायला हात पुढं केला. "भारी! वितळलेल्या आकड्यांपेक्षा ही भारी आहे. दाण्यानं अकरा वर्षं इमारत चालवली! मामा, तुम्ही खरंच लिहायला पाहिजे." त्यांचा हात हवेतच राहिला, कारण मी टाळी दिली नाही. प्रियदर्शनीही हसली नाही. तिनं मला विचारलं, "काका, आत्ता दिसतंय ते खरं ना?" मी व्हय म्हणालो. तिनं मोबाइल काढून स्क्रीनचा फोटो घेतला. मग तो दाणा उचलून तळहातावर घेतला, त्याचाही घेतला. मुकुंदराव तिला अडवायला जाणार तेवढ्यात वरून आवाज आला. पाण्याचा. अकरा वर्षं पाव उघडी राहिलेली झडप स्वतःची स्वतः उघडत होती, आणि पाइपांतून थंड पाणी भिंतीच्या आतून वर चढत होतं, आधी खरखर, मग घरघर, मग भरल्या गळ्यानं एकसारखं. आम्ही तिघं तो आवाज ऐकत उभे राहिलो. मुकुंदरावांच्या कपाळावरचं अष्टगंध घामानं ओघळलं होतं. ते म्हणाले, "मामा, म्हणजे खरंच?" आणि मग आणखी हळू, "हे इथंच राहू दे. मी 'सेन्सर बदलला' एवढंच लिहितो. मॅडम, तुमची खुलाशाची नोटीस मी मागं घ्यायला लावतो." चार वाजता तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी पंखा बंद केला. प्रियदर्शनीनं मानेवरचा रुमाल काढून खुर्चीच्या पाठीवर वाळत टाकला. मी तिथं उभा होतो आणि थंड हवा माझ्या कानांवरून गेली, आणि मला वाटलं, कुणीतरी बोटांची पाठ लावून बघतंय.

त्याच दिवशी घरी जाऊन सुकन्याला फोन केला. तिला सगळं सांगितलं. पलीकडून ती हसली, मऊ हसली, आजाऱ्यानं भेटायला आलेल्याला हसावं तसं. "अप्पा, मला बरं वाटावं म्हणून किती रचता हो. लहानपणी मी पडले की सांगायचा ना, जमीनच उडी मारून तुला लागली म्हणून." मी म्हणालो, हे रचलेलं न्हाय. ती म्हणाली, "बरं. गोळी घेतली मी, झोप येतेय." हा मार मला बसायलाच हवा होता. आयुष्यभर मी खोट्याला इतका गोड पाक चढवत आलो की खरं माझ्या तोंडून कोरडं निघालं तर ते कुणाला ओळखूच येईना.

म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं जेऊरला गेलो. सोबत पिशवीत मीटर, एक नवी सळई आणि तो दाणा. केराबाई, म्हणजे सुकन्याची सासू, दारातच ज्वारी निवडत बसली होती. "या व्याही. बसा. तो पंखा तिचा हाय, तिच्याकडंच राहू द्या, न्हायतर पडंल ती कुटंतरी." हसत म्हणाली, टोमणा असा की धरायला जावं तर हाताला लागत नाही. सुकन्या आतून पाणी घेऊन आली. एकतीस वर्षांची माझी पोर, पदर ओला करून मानेवर टाकलेला, चालताना भिंतीला हात लावत चालते, जणू भिंत सरकेल. मी म्हणालो, चहा ठेव, आणि तिच्या मागं स्वयंपाकघरात गेलो. फरशीवर मांडी घातली, मीटर मांडलं. आधी सळई जोडली. आकडा आला पाच हजार आठशे. "हे हितलं ऊन," मी म्हणालो. मग सळईचं टोक चहाच्या वाफेवर धरलं. आकडा धडाधड उतरला, चार हजार, तीन, दोनच्या खाली. भांड्यातल्या गार पाण्यात बुडवलं, वर चढला. सुकन्या ओट्याला टेकून बघत होती. मग सळई काढून दाणा जोडला. दहा हजार. वाफेवर धरला. दहा हजार. गार पाण्यात. दहा हजार. बाहेर उन्हात नेऊन ठेवला, अंगणातल्या पत्र्यावर, जिथं पाय ठेववत नाही तिथं. दहा हजार. मी एक शब्दही बोललो नाही. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदाच काही न बोलता काही सांगितलं असेल.

चहा उतू गेला. तिनं गॅस बंद केला नाही, मी केला. ती खाली बसली, दाणा चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेला. "हे तिथं होतं? माझ्या डोक्यावर?"

"व्हय."

"मी होते ती दोन्ही वर्षं?"

"व्हय, बाळ."

"म्हणजे मला गरम होत होतं." ती हे मला सांगत नव्हती. "गरम होतंच. मला होत नव्हतं, होतंच ते." मग तिनं स्वतःचा हात स्वतःच्या कानाला लावला, बोटांची पाठ, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मला वाटलं आता ती रडेल, आणि मी त्यासाठी मनातल्या मनात जागा करून ठेवली होती. तिनं मान वर केली. "अप्पा, तुम्हाला कधी आठवलं हे?"

आता इथं मला थांबलं पाहिजे. वर मी म्हणालो की अकरा वर्षं मी साफ विसरलो होतो. तुम्ही ते मानलंत, कारण मी ते मध्येच, सहज, उद्घाटनाच्या गडबडीत मिसळून सांगितलं. ते खोटं आहे. ती चक्कर येऊन पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्या इमारतीत गेलो होतो. तेव्हा मुकुंदराव नव्हते, दुसरे साहेब होते, त्यांनी मला स्क्रीन दाखवली. बाकीच्या मजल्यांचे शेवटचे आकडे हलत होते, सहा, सात, सहा. तिसऱ्याचा नाही. शून्य. मी पाव तास त्या शून्याकडं बघत उभा राहिलो. खरी हवा कधी शून्यावर उभी राहत नाही हे मला सोलापुरात सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. आठवलं, सगळं आठवलं, रेडिओवाल्याच्या दुकानातला सोल्डरचा वाससुद्धा. तेव्हा मालक मला सुपरवायझर करणार होता, अठरा वर्षांनी, आणि चारचौघांत मी सांगून बसलो होतो की माझी हवा आणि माझी पोर एका इमारतीत आहेत. मी स्वतःला म्हणालो, उद्या येतो शिडी घेऊन. उद्या, दुसऱ्यांदा. त्या आठवड्यात तिनं नोकरी सोडली. मग वाटलं, ती तर आता तिथं नाही, आता कशाला. नंतर ती डॉक्टरांकडं जाऊ लागली तेव्हा प्रत्येक वेळी मी रिक्षा करून सोबत गेलो, बाहेर बाकावर बसून शेजारच्यांना कबुतरांची गोष्ट सांगितली, लोक हसले. पंचवीस हा आकडा मला कुठंही दिसला, बसच्या पाटीवर, दुकानाच्या सवलतीत, की माझी जीभ लगेच नवी गोष्ट काढायची. आता कळतं, गोष्टी का इतक्या सुटायच्या.

स्वयंपाकघरात ती माझ्याकडं बघत होती. जिभेवर उत्तर तयार होतं, "परवाच की, झाकण काढल्यावर." गोल, गुळगुळीत, पटण्यासारखं. ते म्हटलं असतं तर ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली असती आणि आम्ही दोघं त्या दाण्याला शिव्या दिल्या असत्या.

"तू पडलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी," मी म्हणालो.

बाहेर केराबाईच्या सुपात ज्वारी खाली-वर होत होती. सुकन्या उठली. आत गेली. मला वाटलं ती परत येणार नाही. आली, हातात प्लास्टिकची निळी फाइल, चेन तुटलेली, चेंडूसारखी फुगलेली. माझ्या पिशवीत तिनं आधी मीटर ठेवलं, वायर नीट गुंडाळून, मग सळई, मग ती फाइल. दाणा ठेवला नाही. तो तिच्या मुठीत होता.

"गाडी कितीला आहे?"

"दीडला."

"मग निघा. ऊन वाढेल." तिचा आवाज अगदी साधा होता, त्यात हुंदका नव्हता, राग नव्हता, तो आवाज मी सहा वर्षांत ऐकला नव्हता. "फाइल वाचा गाडीत. सगळे रिपोर्ट आहेत. त्यातला एकही खोटा नाही." दारापर्यंत ती आली, भिंतीला हात न लावता. पुन्हा या म्हणाली नाही.

जेऊरच्या फलाटावर सावली एकाच कडुलिंबाची, तिच्याखाली बाकडं. गाडी उशिरा होती. मी फाइल उघडली. थायरॉइड, नॉर्मल. हिमोग्लोबिन, नॉर्मल. हृदयाचा आलेख, डोक्याचा फोटो, साखर, मीठ, कॅल्शियम, पानांमागून पानं, तारखा सहा वर्षांच्या, आणि दर पानाच्या कोपऱ्यात सोबत आलेल्याचं नाव म्हणून माझी सही, डावीकडं कललेली. बाकड्यावर एक जण येऊन बसला, उपरणं, हातात बियाण्याची पिशवी, पाण्याची बाटली त्यानं मला पुढं केली. मी प्यालो.

"कुणाचं रिपोर्ट म्हणायचं हे, बाबा?"

जिभेवर पाणी सुटलं. कबुतरं आली, पेचकस आला, वितळलेले आकडे आले, सगळे रांगेनं येऊन उभे राहिले.

"माजं," मी म्हणालो.

"मग काय निघालं?"

"काय न्हाय. समदं नॉर्मल."

तो बरं म्हणाला आणि रुळांकडं बघू लागला. रुळांवर हवा उभी होती.